इंद्रजवातील अल्कलॉइड : औषध की कसोटी?

अतिसार व प्रवाहिका यांच्या चिकित्सेत कुटजाचे स्थान वैद्यवर्गास नव्याने सांगावयास नको. चरकाचार्यांनी कल्पस्थानात वत्सकासाठी स्वतंत्र अध्याय योजला आहे. आपल्या भिवंडीपासून शहापूर-मुरबाडच्या रानांपर्यंत हाच वृक्ष पांढरा कुडा म्हणून ओळखला जातो आणि त्याचे बी इंद्रजव या नावाने आपल्या औषधशाळांत येते. या बियांतील अल्कलॉइड वेगळे काढून, शुद्ध करून तेवढेच रुग्णास द्यावे, चूर्ण-क्वाथांचा खटाटोप कशासाठी, असा विचार काही व्यवसायबंधू मांडतात. त्याचा परामर्श घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

हा विचार नवा नाही. मुंबईत हेन्स यांनी १८५८ साली कुड्याच्या सालीतून अल्कलॉइड मिळविले; १८६४ साली स्टेनहाउस यांनी ते बियांतून काढले. हेच पुढे कोनेसिन या नावाने स्थिर झाले. विसाव्या शतकात अमीबाजन्य प्रवाहिकेवर त्याचा वापरही झाला. परंतु एकाकी कोनेसिन दिल्यावर निद्रानाश, भ्रम, कंप अशी मज्जासंस्थेची लक्षणे आढळू लागली आणि ते मागे पडले. संपूर्ण कुटज मात्र आजही चिकित्सेत टिकून आहे. द्रव्याचा एक अंश म्हणजे द्रव्य नव्हे, हे आपले तत्त्व येथे प्रयोगशाळेबाहेर, रुग्णांच्या अनुभवाने सिद्ध झाले, असे आम्ही मानतो.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार आयुर्वेदीय औषध हे पहिल्या अनुसूचीतील प्रमाणग्रंथांवर आधारलेले असावे लागते. ३० नोव्हेंबर २०१५ च्या अधिसूचनेने फायटोफार्मास्युटिकल हा निराळा वर्ग निर्माण झाला. त्यातही किमान चार घटक निश्चित केलेला शुद्ध अंश अपेक्षित आहे. एकच अल्कलॉइड या दोहोंतही बसत नाही. आयुर्वेदीय परवान्यावर ते विकणे म्हणजे परवान्याशी आणि शास्त्राशी, दोहोंशी प्रतारणा होय.

मग अल्कलॉइडच्या शुद्धीकरणाचा आपणांस उपयोग नाही काय? आहे, आणि तो मोठा आहे. बाजारात कडू इंद्रजवाच्या जागी काळ्या कुड्याचे गोडे इंद्रजव सर्रास मिसळले जाते. दोन्ही बिया दिसण्यात इतक्या सारख्या की गोदामात पोते उघडून पाहणारा सहज फसावा. चव हा पहिला निकष. परंतु भेसळ अर्धीमुर्धी असेल तर जिभेचा निर्वाळा पुरेसा ठरत नाही. येथे रसायनशास्त्र साहाय्यास येते. बियांत तेलाचा अंश असतो, म्हणून चूर्णातील स्नेह प्रथम काढावा लागतो. नंतर सौम्य आम्लात अल्कलॉइड उतरते, क्षार घालताच ते मोकळे होते आणि योग्य द्रावकात घेता येते. हा अर्क पातळ थराच्या पट्टीवर शुद्ध कोनेसिनच्या शेजारी चढवून ड्रॅगेनडॉर्फ द्रावण फवारले, की नारिंगी ठिपके खऱ्या-खोट्याची साक्ष देतात. शुद्ध अल्कलॉइडचे खरे स्थान हेच : प्रमाण नमुन्याचे, सोनाराच्या कसोटीच्या दगडाचे.

परीक्षेचा खर्च लहान औषधशाळांस परवडत नाही, हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. त्यावर उपाय एकत्र येण्याचा. भिवंडी, कल्याण व ठाणे येथील औषधनिर्मात्यांनी मिळून इंद्रजवाची खरेदी करावी, शासनमान्य प्रयोगशाळेत एकदाच परीक्षा करवावी आणि तिचा अहवाल प्रत्येकाने आपल्या घाणनोंदीसोबत जपावा. वैद्यांनीही लघुगंगाधर चूर्ण घेताना हा अहवाल मागावा. मागणारा असेल तरच देणारा सावध राहतो.

आणखी एक गोष्ट. साल खरवडल्याने झाड मरते. शेंगा तोडल्याने मरत नाही. जेथे ग्रंथांनी इंद्रजव सांगितले आहे तेथे तेच, परंतु अस्सल, वापरले तर रानही राखले जाईल. याउलट अल्कलॉइडच्या मागे लागल्यास किलोभर सत्त्वासाठी क्विंटलांनी बी उपसावे लागेल आणि उरलेला चोथा फेकून द्यावा लागेल.

म्हणून आमचे मत असे : अल्कलॉइड प्रयोगशाळेत जरूर शुद्ध करावे, पण रुग्णाच्या हाती संपूर्ण आणि परीक्षित इंद्रजवच द्यावे. पोत्यात काय आहे हे ज्यास सिद्ध करता येत नाही, त्याने कल्पाच्या गुणांविषयी बोलू नये.