पाल कुठं ठोकायचं?

दरसाली यात्रा महिन्यावर आली की आमच्या भागात एक टूम निघते. मटणाची पालं यात्रेच्या बाहेर काढा. पूर्वी हे कुणीतरी चावडीवर बसून बोलायचं आणि तिथंच विरून जायचं. आता त्याचा रीतसर ठराव होतो, कागद फिरतो, सह्या होतात. सह्या करणाऱ्यातले निम्मे लोक खाऱ्या दिवशी अंधार पडला की टोपी पुढं ओढून आमच्याच पालात रस्सा ओरपायला येतात, ही गोष्ट वेगळी. पाहुणेमंडळी सोबत असली तर पैसे उद्यावर टाकतात, हीही वेगळी.

मी १९८९ सालापासून माणदेशातल्या आणि आसपासच्या यात्रांत मटण-भाकरीचं पाल टाकतो. शिक्षण दहावी. रान चार एकर, सगळं जिराईत, बाजरी आणि मटकी पावसानं दिली तर. हे पाल नसतं तर दोन पोरींची लग्नं झाली नसती. तेव्हा मी ह्या भांडणात तिऱ्हाईत नाही, हे वाचणाऱ्यानं आधीच ध्यानात घ्यावं. पण ज्याचं पोट त्यात आहे त्यानं बोलूच नये, असा काही कायदा नाही.

पहिला मुद्दा ते काढतात देवाचा. देवाच्या दारात मटण नको. बरं. आमच्याकडच्या यात्रा ज्यांनी बघितल्यात त्यांना सांगायला नको की यात्रेला एक गोडा दिवस असतो आणि एक खारा. गोड्या दिवशी देवाला पुरणपोळी. त्या दिवशी आमची चूलही थंड असते, भांडीसुद्धा झाकलेली असतात. दुसऱ्या दिवशी नवसाची बोकडं पडतात, घराघरात पाहुणे बसतात. ही वाटणी कुणी सरकारी माणसानं केली नाही, ती जुन्या माणसांनी केली. खंडोबाला वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा, आणि त्याच्याच नावानं भक्ताच्या घरी बोकड. दोन्हीत कुणाला विसंगती दिसली नाही. देवाला काय चालतं आणि देवाच्या माणसांना काय लागतं, हे वेगळं ठेवायची अक्कल आमच्या आज्यापणज्यांना होती. आत्ताच्यांना ती वाटणी पुसून सगळे दिवस गोडे करायचेत. मग यात्रेला माणूस येईल का, ते त्यांनीच सांगावं.

ह्यात आणखी एक नवं खूळ शिरलंय. बोकडाला सुरी कुणी लावायची. आमच्या गावगाड्यात तो मान मुलाण्याचा. माझी आई आयुष्यभर माळकरी शेजारणींच्यात बसली-उठली, पण मुलाणीमामानं सुरी लावली का, हे विचारल्याशिवाय तिनं कधी मटण चुलीवर चढवलं नाही. हे काही कुणी तिच्यावर लादलं नव्हतं. २०२५ च्या मार्चमध्ये राज्याच्या एका मंत्र्यांनी झटका मटणाच्या हिंदू दुकानांसाठी प्रमाणपत्र जाहीर केलं आणि त्याला नाव दिलं मल्हार. ज्याला झटका खायचा त्यानं खावा, माझी काही तक्रार नाही. पण मल्हारी हा आमचा, धनगराचा, मराठ्याचा, रामोशाचा, आणि मुलाण्याचासुद्धा. भंडारा उधळताना कुणी कुणाची जात विचारत नाही. त्याचं नाव घेऊन मुलाण्याची सुरी काढून घ्यायची हे कुठल्या जुन्या रीतीत बसतं? माझ्या पालावर तीन पिढ्यांतला मुलाणी आहे. बाप होता, आता पोरगा आहे, नातू कांदा चिरायला बसतो. त्याला सोडून मी पाल टाकणार नाही. मग कागद कुणाचाही येवो.

दुसरा मुद्दा घाणीचा. इथं मी थोडा वेळ थांबणार आहे, कारण हा मुद्दा ऐकायला रास्त वाटतो. यात्रेत घाण होते. हाडं पडतात, कुत्री गोळा होतात, रक्तामातीचा वास येतो. खरं आहे. पण घाण का होते? दहा-पंधरा पालांना मिळून पाण्याचा एक नळ, तोही सकाळी तासभर. खड्डा खणायचा तर जागा ठेकेदाराची, तो खणू देत नाही, दुसऱ्या दिवशी त्याला तिथं पाळणा उभा करायचा असतो. गटार नाही, कचऱ्याची गाडी नाही. आणि एवढं करून पावती फाडताना पावतीवर ‘स्वच्छता कर’ असं लिहिलेलं असतं! ह्या कराची स्वच्छता मी पस्तीस वर्षांत बघितली नाही. मी माझ्यापुरता पालामागं कंबरभर खड्डा घेतो, हाडं-आतड्याचा राडा त्यात, वर चुन्याची फक्की आणि माती. घरची मंडळी ताटं दोन पाण्यांतून काढून तिसऱ्यात बुडवते, तिसरं पाणी कढत. अन्नसुरक्षेचा कायदा आला तेव्हा तालुक्याला जाऊन नोंदणी केली, शंभर रुपये फी भरून. तो नंबर पालावर टांगलेला आहे. शेजारी भेळीवाला, उसाच्या रसाचा गाडा, जिलेबीवाला, ह्यांच्या माश्या कुणी मोजत नाही. जिलेबीवरची माशी पवित्र, मटणावरची अपवित्र.

दारूचा मुद्दा मी एका ओळीत संपवतो. आमच्या पालात दारू मिळत नाही, ती कुठं मिळते हे ठराव लिहिणाऱ्यांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

आता खरं काय चाललंय ते सांगतो. हे देवाचं नाही आणि घाणीचंही नाही. हे जागेचं आहे. पूर्वी ग्रामपंचायतीचा माणूस यायचा, पालामागं दिवसाला ठरावीक पैसे घ्यायचा, पावती द्यायचा, जाताना एक वाटी रस्सा पिऊन जायचा. ज्याची जागा बापापासून जिथं, त्याचं पाल तिथं. आता यात्रेच्या मैदानाचा लिलाव होतो. एका यात्रेत, गावाचं नाव मी लिहीत नाही, सगळं मैदान बाहेरच्या एका माणसानं एकहाती घेतलं, चुन्यानं फक्क्या मारून त्याचे तुकडे केले आणि आम्हालाच भाड्यानं दिले. रस्त्याकडचे तुकडे कुणाला? ज्यानं जास्त मोजले त्याला. चायनीजच्या गाड्या पुढं, आम्ही ओढ्याकडं. ‘मटण यात्रेबाहेर’ हा ठराव झाला की ओढ्याकडची जागासुद्धा मोकळी होते, आणि यात्रेबाहेर ज्याचं खाजगी रान आहे त्याचं भाडं सुरू होतं. ते रान कुणाचं आहे हे एकदा बघा. मग ठरावाखालच्या सह्या बघा.

शहरातल्या वाचकाला वाटेल, खोऱ्यानं पैसे ओढत असतील हे लोक. म्हणून गेल्या सालचा माझाच हिशेब मांडतो. वीस किलोचा जिता बोकड साडेआठ हजाराला पडला. जित्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास मटण निघतं, म्हणजे दहा किलो धरा. त्यात ऐंशी ताटं. ताट दोनशे रुपये, दोन भाकरी आणि रस्सा लागेल तेवढा. झाले सोळा हजार. बाजरीचं पीठ, तेल, सुकं खोबरं, कांदा, लसूण, मसाला आणि सरपण अडीच हजार. भाकरी थापणाऱ्या बाया, भांडी घासणारी पोरं, मुलाणी ह्यांची मजुरी अडीच हजार. बोकडामागं राहिले अडीच हजार. दिवसाला तीन बोकडं खपली तर साडेसात हजार. पावतीच्या काळात ह्यातले तीनशे जायचे. ठेकेदाराला तीन दिवसांचे पंधरा हजार मोजले, म्हणजे दिवसाचे पाच. उरले अडीच हजार, आणि त्यात घरची चार माणसं पहाटे चारपासून रात्री बारापर्यंत उभी. टेंपोचं भाडं ह्यात धरलेलं नाही. अवकाळी पाऊस आला तर रस्सा ओढ्यात ओततो, तोही धरलेला नाही. उधारीची वही तर नाहीच नाही.

भाकरी थापणाऱ्या बायांचं वेगळं लिहायला पाहिजे. सहा बाया काठवटी घेऊन बसतात, जाळापुढं. ज्या साली बोकडं जास्त खपतात त्या साली एकेक बाई दिवसात दोनशेच्या वर भाकरी थापते. ह्यातल्या दोघी परित्यक्ता आहेत, एकीचा नवरा ऊसतोडीला गेलेला परत आला नाही. यात्रांच्या हंगामातलं मटणाचं पाल हे त्यांचं रोख पैशाचं काम आहे. ठरावात त्यांचा उल्लेख नाही.

आणि बोकड येतं कुठून? माणदेशात पाऊस नाही म्हणून तर शेळी-मेंढी आहे. बहात्तरच्या दुष्काळात मी तेरा वर्षांचा होतो, खडी फोडायच्या कामावर आईबरोबर जायचो. घरातली गाय दावणीला मेली. बाभळीच्या शेंगांवर शेळी जगली, आणि शेळीच्या दुधावर माझी धाकटी बहीण. ज्या मुलखात देवानं पाणी दिलं नाही त्या मुलखातल्या माणसाला तुम्ही काय खावं हे शिकवणार, तर आधी पाणी घेऊन या.

यात्रेचा मूळ जीव जनावरांच्या बाजारात होता, हेही विसरलं जातंय. खरसुंडीचा खिलार जनावरांचा बाजार, पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, ह्या ठिकाणी बैल घ्यायला लांबलांबून माणूस यायचा. शेतकरी थकलेला बैल विकायचा, त्यात भर घालून कोवळी जोडी घ्यायचा. सौदा उपरण्याखाली बोटांनी व्हायचा आणि सौदा झाला की घेणारा, देणारा आणि दलाल तिघं आमच्या पालात. जनावरांच्या बाजारावर आमची पालं उभी होती. गाईच्या कत्तलीला बंदी १९७६ च्या कायद्यानंच होती. बैलाला बंदी घालणारी दुरुस्ती विधिमंडळानं १९९५ ला मंजूर केली, ती वीस वर्षं पडून होती, आणि २०१५ च्या मार्चमध्ये लागू झाली. त्या सालापासून म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक नाही. ट्रॅक्टरनं बाजार आधीच पातळ केला होता, ते मी नाकारत नाही. लंपी आला तेव्हा २०२२ ला बाजारच बंद राहिले. पण थकलेल्या जनावराला किंमत होती तोवर शेतकरी दुसरं जनावर घेत होता. आता ज्याच्या दावणीला म्हातारा बैल आहे तो नवा बांधतच नाही. शर्यती पुन्हा सुरू झाल्यापासून पळणाऱ्या खोंडाला लाखात किंमत येते, फोटो येतात, गुलाल उडतो. नांगर ओढून मान सुजलेल्या बैलाचा फोटो कोण काढतो? कायदा करणाऱ्यानं त्याच्या म्हातारपणाची वैरण कुणी घालायची हे ठरवलं नाही, ती शेतकऱ्यावर टाकली. मी बैल खात नाही, कधी खाल्ला नाही. पण माझ्या दावणीचा हिशेब मला कळतो.

मागच्या वर्षी नातवानं मला पुण्याबाहेर हमरस्त्याच्या एका हॉटेलात नेलं. बाहेर बैलगाडीचं चाक, आत कंदील, पोरांच्या डोक्याला फेटे. टेबलाच्या मधोमध शेगडी आणि तिच्यावर सळया. त्याला बार्बेक्यू म्हणतात. माणसं कौतुकानं मान डोलावत होती. अहो, हे आमच्या पालामागं रोज होतं. बाभळीचं लाकूड सांजेला पेटवायचं, ज्योत बसू द्यायची, निखारा पांढुरका झाला की मग त्यावर चाप आणि कलेजी. मीठ, हळद, लसूण, तिखट, बस. तेल लावायचं नाही, चरबीच गळते. ती गळून जाळ उठला तर पाणी मारायचं नाही, मूठभर राख टाकायची. मुंडी आणि पाय तर आधी त्याच निखाऱ्यावर भाजून, केस खरवडून, हळदीच्या पाण्यात धुवावे लागतात, मग रात्रभर मंद जाळावर शिजतात. हे काम करणारा माणूस धुरानं डोळे लाल करून बसतो, त्याला यात्रेच्या बाहेर काढायचं, आणि तेच मांस फेटेवाल्यानं काचेआड दिलं की ती संस्कृती. तिथं देव आडवा येत नाही, घाणही आडवी येत नाही.

आमचं मागणं मोठं नाही. खाऱ्या दिवसापुरती जागा द्या, ती लिलावानं नको, जुन्या पालवाल्यांना आधी आणि उरलेली चिठ्ठ्या टाकून द्या. पाच पालांमागं एक नळ द्या. खड्डा पंचायतीनं खणून द्यावा, त्याचे पैसे आम्ही देऊ. दरफलक लावा, जो जास्त घेईल त्याचं पाल उठवा, आमची हरकत नाही. गोड्या दिवशी चूल पेटली तर दंड करा.

औंदा ठरावाच्या बैठकीला मी जाणार आहे. सह्यांचा कागद ते वाचतील, उधारीची वही मी वाचेन.