उघडून न पाहिलेली प्रत

गेल्या पावसाळ्यांत आमच्या शाळेच्या कचेरींतील संगणकाची हार्ड डिस्क बंद पडली. त्यापूर्वीं दोन दिवस तींतून टक-टक असा आवाज येत होता, व तो आम्हीं सर्वांनीं ऐकला होता. परंतु परीक्षेच्या गडबडींत कोणींहि तिकडे लक्ष दिलें नाहीं. डिस्क गेल्याचें प्रथम फारसें दुःखहि झालें नाहीं, कारण दर शुक्रवारीं तिची दुसरी प्रत, म्हणजे जिला बॅकअप म्हणतात ती, जुनी प्रत पुसून निराळ्या डिस्कवर काढिली जात असे. ती प्रत उघडूं गेलों, तों फाईल बिघडलेली असल्याचें संगणकानें कळविलें! तींतील हजेरीपत्रकें व दाखले कागदांवरून पुनः तयार करितां आले असते. पण वृद्ध माजी विद्यार्थ्यांनीं व सेवकांनीं सांगितलेल्या आठवणींचें ध्वनिमुद्रणहि तींतच होतें, आणि त्यांपैकीं कित्येक जण आतां हयात नाहींत.

अशा वेळीं मनुष्य घाई करितो. डिस्क पुनः पुनः चालू करून पाहावी, संगणकास दुरुस्तीची आज्ञा द्यावी, असें आमच्यापैकीं अनेकांस वाटलें. मूळ बिघाडापेक्षां ही घाईच अधिक नाश करिते, असें आमचें आतां ठाम मत झालें आहे. अशा डिस्कच्या तबकडीवरील मजकूर वाचणारें टोक केसाच्या जाडीहूनहि कितीतरी कमी अंतरावरून फिरत असतें; तें तबकडीस घासूं लागलें म्हणजे मजकूर कायमचा खरवडला जातो. आमची मूळ डिस्क त्या दोन दिवसांतच कारागिराच्या आवाक्याबाहेर गेली होती. उरली ती बिघडलेली प्रत. तिला हात न लावतां तिची हुबेहूब नक्कल काढिली व सर्व प्रयोग त्या नकलेवरच केले, एवढें मात्र आमच्याकडून शहाणपणाचें झालें.

ही प्रत झिप जातीची होती. पुस्तकाची अनुक्रमणिका आरंभीं असते. झिप फाईलीची ती अखेरीस असते. प्रत काढतांना मध्येंच वीज गेली तर अखेरचा भाग लिहिलाच जात नाहीं, आणि अनुक्रमणिका सांपडत नाहीं म्हणून संगणक सगळें पुस्तकच नाकारितो. परंतु आंतील प्रत्येक फाईलीच्या माथ्यावर तिचें नांव निराळें लिहिलेलें असतें. त्या मथळ्यांचा शोध घेत दुरुस्तीचा प्रोग्राम नवी अनुक्रमणिका रचितो. आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें तीन रात्री जागून हेंच केलें, आणि बहुतेक ध्वनिमुद्रणें परत मिळालीं. तुटल्या टोकापलीकडचीं सहा गेलीं. शाळेची घंटा वाजविण्यांत ज्यांचा जन्म गेला, त्या आमच्या शिपाईमामांचा आवाज त्यांत होता.

कांहीं पालकांनीं कारकुनास दोष दिला. हा अन्याय आहे. त्यांनीं नेमलेलें काम दर शुक्रवारीं केलें. ती प्रत एकदां तरी उघडून दाखवा, असें आम्हीं त्यांस कधींच म्हटलें नाहीं. दहा कुमारींच्या दृष्टांतांतील पांच मूर्ख कुमारींजवळहि दिवे होतेच. नव्हतें तें तेल. मोठमोठ्या संस्थांचीहि हीच गत होते. १९९८ सालीं अमेरिकेंतील पिक्सार कंपनींत ‘टॉय स्टोरी २’ ह्या चित्रपटाचें बरेंचसें काम एका चुकीच्या आज्ञेनें पुसलें गेलें, आणि तेथील बॅकअपहि निकामी असल्याचें तेव्हां कळलें. तान्ह्या मुलामुळें घरून काम करणाऱ्या गॅलिन सुसमन ह्या बाईंच्या संगणकावर चित्रपटाची नक्कल होती, म्हणून तो वांचला. (घरीं बसून काम होत नाहीं म्हणणारांनीं ह्याचा विचार करावा.)

आतां शाळेची एक प्रत शाळेबाहेर असते, आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारीं नववीचीं मुलें प्रतींतील हव्या त्या फाइली काढून दुसऱ्या संगणकावर उघडून पाहतात. पालकांनींहि आपल्या घरच्या लग्नाचे व बाप्तिस्म्याचे फोटो असेच मुलांकडून तपासून घ्यावेत. गेल्या शनिवारीं मुलांनीं घरून सात पेन ड्राइव्ह आणले होते. त्यांपैकीं दोन उघडले नाहींत.