बंद म्हणजे बंदच असावे

लखनौच्या बड्या इमामबाड्यात, नवाब आसफउद्दौलाने १७८४ साली दुष्काळाच्या दिवसांत बांधावयास घेतलेल्या त्या सुमारे पन्नास मीटर लांबीच्या स्तंभविरहित दालनात, वाटाड्या एका टोकाच्या सज्जात आगकाडी ओढतो आणि तिचा सूक्ष्म ध्वनी दुसऱ्या टोकास उभ्या असलेल्या प्रवाशाला स्पष्ट ऐकू येतो. आपल्या खिशातील मोबाइलही सभोवारच्या उपकरणांशी असाच हलक्या स्वरात अखंड बोलत असतो. मात्र ते बोलणे कोणाच्या कानी पडते, याची वार्ता त्याच्या मालकास नसते.

याच शहरात २०१७ च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या मेट्रोच्या फाटकाशी ‘गोस्मार्ट’ कार्ड टेकवताच वाट मोकळी होते. फोनमधील एनएफसी हे याच जातीचे तंत्र असून त्याची मजल काही सेंटिमीटरांचीच असल्यामुळे तेथे धोका अल्प. ब्लूटूथची मजल मात्र सामान्यतः दहा मीटरांपर्यंत, क्वचित त्याहूनही दूर पोहोचते. हजरतगंज स्थानकात गर्दीच्या वेळी फोनमधील ब्लूटूथची यादी उघडून पाहावी, म्हणजे अनोळखी इसमांची घड्याळे, इअरबड, एखाद्याचा स्वतःचे नाव दिलेला फोनही, एकाखाली एक उमटू लागतात.

माझी तक्रार या तंत्राविषयी नाही. ते बंद करण्यासाठी दिलेल्या बटणाविषयी आहे. आयफोनच्या कंट्रोल सेंटरमधील ब्लूटूथचे चिन्ह दाबले असता बहुतेक जोडण्या तेवढ्या तुटतात, ब्लूटूथ जागेच राहते, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता सारे पूर्ववत होते; खरोखर बंद करावयाचे तर सेटिंग्जमध्ये जाणे प्राप्त आहे. अँड्रॉइडमध्ये, ब्लूटूथ बंद केल्यावरही, लोकेशनच्या पोटात दडलेले ‘ब्लूटूथ स्कॅनिंग’ चालू असल्यास फोन आसपासचा कानोसा घेतच राहतो. यात ग्राहकाची सोय आहे, हे कंपन्यांचे म्हणणे मला मान्य आहे. परंतु ज्याने ‘नको’ म्हणून बटण दाबले, त्याच्या नकाराचा अर्थ परस्पर बदलण्याचा अधिकार त्या सोयीतून उत्पन्न होत नाही. शिवाय २०१७ साली उघडकीस आलेल्या ‘ब्लूबोर्न’ नामक दोषमालिकेने, मालकाने जोडणीस संमती दिलेली नसतानाही, केवळ ब्लूटूथ चालू असलेल्या उपकरणात परक्यास शिरकाव करता येतो, हे सिद्ध केलेच होते.

रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये, कार्ड नुसते टेकवून होणारे व्यवहार चालू वा बंद करण्याची मुभा ग्राहकाच्या हाती द्यावी, असा हुकूम बँकांना दिला. केंद्र सरकारने फोन उत्पादकांनाही तसेच फर्मावावे: बटण बंद दाखवीत असेल तेव्हा प्रक्षेपण आणि शोध दोन्ही थांबलेच पाहिजेत, आणि अपवाद असल्यास तो तेथल्या तेथे, मराठीसह वापरणाऱ्याच्या भाषेत, स्पष्ट लिहिला पाहिजे. तोवर वाचकांनी आजच सेटिंग्ज उघडून स्कॅनिंगची कळ तपासावी, फोनला दिलेले आपले नाव काढून टाकावे, आणि घरातील वडीलधाऱ्यांचा फोनही त्यांच्याजवळ बसून, त्यांना समजावीत, तसाच नीट करून द्यावा.