संपाचं पुढे काय झालं?

राजकारणावरचा सिनेमा मुलांबरोबर बघितला आणि घरात वाद झाला नाही, असं सहसा होत नाही. आमच्याकडे हा वाद झाला ‘सिंहासन’वरून. तो अजून मिटलेला नाही आणि मिटावा अशी माझी घाईही नाही. पण त्यातून जो मुद्दा निघाला, तो मैत्रिणींनो, तुमच्यापुढे ठेवावासा वाटतो.

‘सिंहासन’ १९७९ चा. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शन केलं. मुख्यमंत्र्यांना निनावी फोन येतो की तुमच्याविरुद्ध कट शिजतोय, आणि मग जो पट मांडला जातो तो शेवटपर्यंत उठू देत नाही. अरुण सरनाईकांचे मुख्यमंत्री जिवाजीराव, डॉ. लागूंचे अर्थमंत्री विश्वासराव, सतीश दुभाषींचा कामगार पुढारी डिकास्टा आणि हे सगळं बघत फिरणारा निळूभाऊंचा पत्रकार दिगू. आपल्यापैकी अनेकींनी हा सिनेमा दूरदर्शनवर पाहिला असेल.

माझी लेक वीस वर्षांची. जुना ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा म्हणून ती नाकं मुरडेल असं वाटलं होतं. पण बाई अशी रंगली की मोबाइलला हात लावला नाही. संपल्यावर म्हणाली, “आई, कसला डोकेबाज आहे गं हा जिवाजीराव! सगळ्यांना पुरून उरला.”

मी विचारलं, “आणि संपाचं काय? ज्या कामगारांच्या जिवावर डिकास्टा पुढारी, त्यांचं काय झालं?”

ती म्हणाली, “कुठल्या कामगारांचं?”

मला ते लागलं. कारण आम्ही राहतो नायगावात. इथून हाकेच्या अंतरावर कोहिनूर मिल, स्प्रिंग मिल. तिचे आजोबा, म्हणजे माझे सासरे, गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, नुसता विरून गेला. सासूबाईंची खानावळ होती. गिरणगावात अशा खानावळी घरोघरी बायकाच चालवायच्या. पगार बंद झाला तशी जेवणाऱ्यांची उधारी वाढली, मग ते एकेक करून कोकणात, घाटावर गावाकडे परतले आणि उधारीच्या वह्या तेवढ्या घरात राहिल्या. सासूबाईंचं सोनं त्या वर्षात गेलं. ही गोष्ट ऐकत वाढलेल्या मुलीने “कुठल्या कामगारांचं?” विचारावं?

पण पोरगी गप्प बसणारी नाही. म्हणाली, “आई, सिनेमातच ते गर्दी म्हणून येतात. कॅमेरा सगळा वेळ बंगल्यांत आणि मंत्रालयात. मग मी कुणाला लक्षात ठेवू? आणि तुझा तो दिगू, त्याला सगळं कळतं, पण करतो काय? शेवटी वेड्यासारखा हसत सुटतो. त्यापेक्षा जिवाजीराव बरा, निदान काहीतरी करतो तरी.”

तिच्या बोलण्यात तथ्य आहे, हे मी कबूल करते. या सिनेमात राजकारणाची सूत्रं हलवणारी बाई नाही. पण त्याच काळातल्या मुंबईत १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या होत्या. १९७७ ला या दोघी मुंबईतून लोकसभेवर गेल्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी खानावळवाल्या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. हेही राजकारणच होतं, फक्त बंगल्याबाहेरचं.

तरीही माझं मत वेगळं आहे. दिगूचं हसणं मला पळपुटेपणा वाटत नाही. माणसाला लाज उरली असेल तरच तो असा कोसळतो. जब्बार पटेलांनी जिवाजीराव आवडावा म्हणून हा सिनेमा केला, असं मला वाटत नाही. पण तो आवडतो, हे खरं. कारण डावपेच बघायला आपल्याला मजा येते. मग कोण जिंकलं एवढंच आपण बघतो. कशासाठी जिंकलं, हा प्रश्न मागे पडतो.

हे काही सिनेमापुरतं नाही. ‘सिंहासन’ येण्याच्या आदल्या वर्षी, जुलै १९७८ मध्ये, वसंतदादा पाटलांचं सरकार जाऊन शरद पवार मुख्यमंत्री झाले. नोव्हेंबर २०१९ चा पहाटेचा शपथविधी आपण बघितला, जून २०२२ मध्ये सुरत आणि गुवाहाटीच्या बातम्या बघितल्या. आपण बायकासुद्धा भाजी निवडता निवडता आमदार मोजत होतो. आणि त्याच २०२२ च्या मार्चमध्ये मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपली, ती पुढे जवळजवळ चार वर्षं शहराला नगरसेवकच नव्हता. गटार तुंबलं, पाणी कमी दाबाने आलं तर जायचं कुणाकडे, हा प्रश्न आमच्या वस्तीतल्या बायका मला विचारत होत्या. त्याचं कुठल्याही चॅनेलवर थरारनाट्य झालं नाही.

लेकीचं म्हणणं मात्र ठाम आहे. “वरती सगळं ठरलेलं असतं,” म्हणून जानेवारी २०२६ मध्ये महापालिकेची निवडणूक झाली तेव्हा यादीत नाव असून ती मतदानाला गेली नाही. मला राग आला, अजूनही आहे. पण मी तिला ओरडून गप्प केलं नाही. गप्प केलेलं मूल आपलं मत बदलत नाही, फक्त आपल्याला सांगायचं बंद करतं.

तुमच्याकडे नगरपालिका असेल, ग्रामपंचायत असेल. २०११ पासून महाराष्ट्रात तिथल्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. तिथेही डाव मांडले जातात, पॅनेल फुटतात, आणि घरातली मुलं ते सिनेमासारखं चवीने बघतात. बघू द्या. त्यांच्याबरोबर तुम्हीही बसा, त्यांचं ऐका. आणि सगळं झालं की एवढंच विचारा, “कोण जिंकलं ते कळलं. आता नळाचं काय झालं, शाळेचं काय झालं, तेवढं सांग.” उत्तर लगेच येणार नाही. माझी लेकही अजून शोधतेच आहे. पण परवा तिने आजीला विचारलं, “संपात तुम्ही कसं भागवलंत?” त्या दोघी रात्री उशिरापर्यंत बोलत होत्या.