नाव लावणे सोपे, नाव कमी करणे अवघड



आपल्या वस्त्यांतून आता मंडप-डेकोरेशन, केटरिंग, हाऊसकीपिंग, मजूर पुरवठा, टेम्पो वाहतूक असे लहान-मोठे धंदे उभे राहत आहेत. नोकरीची वाट पाहत न बसता चार मित्र एकत्र येतात, पैसे गोळा करतात आणि फर्म किंवा कंपनी काढतात. ही आनंदाची गोष्ट आहे. धंदा कसा वाढवावा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण धंद्याच्या कागदावर लागलेले आपले नाव बाहेर पडताना कसे कमी करायचे, हे कोणी सांगत नाही. रेशनकार्डातून नाव कमी करायचे राहिले तर फार तर हेलपाटे पडतात. फर्ममधून नाव कमी करायचे राहिले तर दुसऱ्याच्या कर्जापायी आपल्या घरावर जप्ती येऊ शकते. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

भागीदारी सोडली, नाव राहिले

भागीदारीचा कायदा १९३२ सालचा आहे. त्यातील कलम २५ प्रमाणे फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार सर्वांसह आणि एकटाही जबाबदार असतो. फर्मचे दोन लाख रुपये देणे आहे आणि तिघे भागीदार गायब झाले, तर व्यापारी चौथ्याकडून पुरते दोन लाख मागू शकतो. 'माझा वाटा चार आण्यांचाच होता' हे उत्तर तेथे चालत नाही.

समजा, चौघांनी मिळून मंडपाची फर्म काढली. दोन वर्षांनी एकाला नोकरी लागली. हिशेब झाला, चहा झाला, हात मिळवून तो बाहेर पडला. कागद मात्र झाला नाही. पुढे तिघांनी कापडवाल्याकडून उधारीवर माल उचलला आणि पैसे थकवले. कापडवाला दावा लावतो तो चौघांवर. कलम ३२ सांगते की, निवृत्तीची जाहीर नोटीस निघेपर्यंत बाहेर पडलेला भागीदार तिऱ्हाइताच्या दृष्टीने जबाबदारच राहतो. हा माणूस भागीदार होता हे ज्याला मुळात ठाऊकच नव्हते, अशाच्या बाबतीत तेवढी सूट आहे. फर्म बंद केली तरी कलम ४५ प्रमाणे हाच नियम लागतो.

जाहीर नोटीस म्हणजे काय?

वस्तीत सांगणे, दुकानावर पाटी लावणे किंवा शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर लिहून घेणे म्हणजे जाहीर नोटीस नव्हे. कलम ७२ मध्ये तिची रीत ठरवून दिली आहे. फर्म नोंदलेली असेल तर तीन कामे करावी लागतात. पहिले, रजिस्ट्रार ऑफ फर्म्सला बदल कळवणे. दुसरे, शासकीय राजपत्रात म्हणजे गॅझेटमध्ये नोटीस छापणे. तिसरे, ज्या जिल्ह्यात फर्मचा मुख्य धंदा आहे, तेथे खपणाऱ्या किमान एका देशी भाषेच्या वर्तमानपत्रात नोटीस देणे. फर्म नोंदलेली नसेल तर दुसरे व तिसरे काम पुरते. बाकीचे भागीदार टाळाटाळ करीत असतील तर त्यांची वाट पाहू नये. बाहेर पडणारा स्वतः नोटीस देऊ शकतो.

नोटिशीने पुढची जबाबदारी थांबते, मागची पुसली जात नाही. आपण भागीदार असताना झालेल्या देण्यातून सुटायचे असेल तर ज्याचे पैसे येणे आहेत त्याची आणि राहिलेल्या भागीदारांची संमती असलेला करार हवा.

वडीलधाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. काही जण हौसेने शाळकरी मुलाचे नाव फर्ममध्ये घालतात. अज्ञान मुलाला फक्त नफ्यात घेता येते. तो अज्ञान असेपर्यंत त्याच्यावर व्यक्तिगत जबाबदारी नसते. पण तो सज्ञान झाल्यापासून, किंवा आपले नाव फर्ममध्ये आहे हे त्याला कळल्यापासून, यांपैकी जे नंतर घडेल तेथून सहा महिन्यांत 'मी भागीदार होणार नाही' अशी जाहीर नोटीस त्याने द्यायची असते. दिली नाही तर तो आपोआप भागीदार होतो आणि नाव घातल्या दिवसापासूनच्या देण्याला जबाबदार धरला जातो. कॉलेजात जाणाऱ्या पोराच्या माथी असे ओझे नकळत पडू नये.

खर्च किती?

खर्चाच्या भीतीने पुष्कळ जण नोटीस देत नाहीत. गॅझेटची फी शासनाने ठरवलेली असते. ती भरून पावती घ्यावी. वर्तमानपत्राचा दर खपाप्रमाणे आणि जागेप्रमाणे बदलतो. कायद्याने सर्वांत मोठ्या पेपरातच छापा असे म्हटलेले नाही. जिल्ह्यात खपणारा पेपर असावा एवढीच अट आहे. तेव्हा दोन-तीन ठिकाणी दर विचारावेत. मजकूरही थोडक्यात बसतो : फर्मचे नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, बाहेर पडणाऱ्याचे नाव आणि तारीख. छापल्यावर कात्रण ठेवून भागत नाही. पेपरचे नाव व तारीख दिसेल असे पूर्ण पान जपून ठेवावे, बिलही ठेवावे. कोर्टात हाच पुरावा उपयोगी पडतो.

१९२० साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला, तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. आपले नाव पेपरात छापून यावे यासाठी आपल्या माणसांना असे दिवस काढावे लागले. आज तो मार्ग आपल्याला मोकळा आहे. चार पैसे वाचवायला तो सोडू नये.

कंपनी असेल तर

कंपनीचे जाहीर दप्तर रजिस्ट्रार ऑफ कंपनीजकडे असते. संचालक कोण, पत्ता काय, हे कोणालाही सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. मार्च २०१९ पासून पंधरा लाख रुपयांपर्यंत अधिकृत भांडवलाच्या कंपनीला नोंदणीची सरकारी फी नाही. मुद्रांक शुल्क, नाव राखून ठेवण्याची फी आणि सल्लागाराचे मानधन हा खर्च वेगळा. तेव्हा कोणी नोंदणी फीच्या नावाने मोठी रक्कम मागितली तर सरकारी चलन दाखवा म्हणावे.

कंपनी काढणे स्वस्त आहे, पण तिला विसरणे फार महाग पडते. धंदा झाला नाही तरी दर वर्षी ताळेबंद आणि वार्षिक विवरण भरावेच लागते. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला शंभर रुपये जादा फी पडते. दोन फॉर्म एक वर्ष राहिले तर हिशेब करा : ३६५ दिवस, रोज दोनशे, म्हणजे ७३ हजार रुपये! सलग तीन वर्षे ही कागदपत्रे भरली नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. २०१७ साली देशात दोन लाखांवर कंपन्या पटावरून काढल्या गेल्या आणि तीन लाखांवर संचालक अपात्र ठरले.

संचालकपद सोडायचे असेल तर राजीनामा लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. कंपनीने तीस दिवसांत डीआयआर-१२ या फॉर्मवर तो बदल रजिस्ट्रारला कळवायचा असतो. कंपनी ढकलाढकल करीत असेल तर राजीनामा देणाऱ्याला स्वतः डीआयआर-११ भरता येतो. आपल्या कारकिर्दीत जे घडले त्याची जबाबदारी मात्र राजीनाम्यानंतरही राहते.

नाव भाड्याने देऊ नका

आता सर्वांत महत्त्वाचे. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळाल्या. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांकडून चार टक्के खरेदीचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी फर्म किंवा खासगी कंपनीत किमान ५१ टक्के वाटा त्यांचा असावा लागतो. हा हक्क आपल्या पोरांनी मालक व्हावे म्हणून आहे. पण कंत्राटदार वस्तीत येतो आणि म्हणतो, "तू फक्त सही कर, महिन्याला पाच हजार घरपोच देतो." कागदावर आपला मुलगा ५१ टक्क्यांचा मालक. चेकबुक, शिक्का, पासवर्ड त्या कंत्राटदाराच्या खिशात!

मजुरांचा पीएफ बुडाला, जीएसटी थकला, तर नोटीस येते ती आपल्या खोलीवर. खासगी कंपनीचा आयकर किंवा जीएसटी कंपनीकडून वसूल झाला नाही तर तो संचालकांकडून वसूल करता येतो. आपली गंभीर हयगय नव्हती हे त्या पोरालाच सिद्ध करावे लागते. त्यात भर म्हणजे ज्यांचा पीएफ बुडतो ते मजूरही बहुधा आपलेच असतात.

म्हणून घरात कोणी सही करण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. बँकेच्या खात्यावर सही कोणाची? हिशेबाच्या वह्या कोणाकडे? ओटीपी कोणाच्या मोबाईलवर येतो? बाहेर पडायचे झाले तर नोटिशीचा खर्च कोण करणार? या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली नाहीत तर सही करू नये. मातांनी, भगिनींनी हे प्रश्न आवर्जून विचारावेत, कारण जप्तीची माणसे दारात येतात तेव्हा घरात बहुधा त्याच असतात.

आणि धंदा खरा असेल तर मात्र घाबरू नये. फर्मची नोंदणी अवश्य करावी. नोंदणी नसलेल्या फर्मला थकलेल्या बिलासाठी गिऱ्हाइकावर दावा लावता येत नाही. बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, ती १८६० च्या कायद्याखाली रीतसर नोंदवली होती. संस्था रीतसर उभी करण्याचा हा धडा त्यांनी शंभर वर्षांपूर्वी घालून दिला आहे. आपल्या बापजाद्यांचे अंगठे कोऱ्या कागदावर उठले, त्यात जमिनी गेल्या. आपण वाचू शकतो. तेव्हा वाचूनच सही करू या.

जयभीम! नमो बुद्धाय!