पेठेंतील पोरें कोणीं सांभाळावीं?

लहान मुलांचा सांभाळ हें एकट्या आईचें काम, असें आमची पुष्कळ व्यापारी मंडळी अद्यापिही समजते. कायदाही फारसा निराळा नाहीं. २०१७ च्या दुरुस्तीनें पन्नास वा अधिक नोकर असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराचें बंधन घातलें आणि आईस दिवसांतून चार वेळां मुलाकडे जाण्याची मुभा दिली. ठीकच झालें. पण बापाचें नांव त्या कलमांत कोठें आहे? जणूं मूल तिनें एकटीनेंच जगांत आणलें! शिवाय आमच्या पेठेंत पन्नास नोकरांचीं दुकानें तीं किती? तथापि अनेकांनीं मिळून एकच पाळणाघर चालविण्याची सोय त्याच कलमांत ठेविली होती. मूल शाळेंत येईना, तेव्हां ताराबाई मोडकांनीं बोर्डीस शाळाच त्याच्या अंगणांत नेली. मग दहा दुकानदारांस एक खोली व दोन समजूतदार बाया कां मिळूं नयेत? मात्र मूल टाकून पळणें म्हणजे सहकार्य नव्हे. बापानें रात्रींचा ताप सकाळीं सांगितलाच पाहिजे. मूल काय जेवलें, किती निजलें, हें सायंकाळीं बाईनें सांगावें आणि तिचा पगार महिन्याच्या महिन्यास चुकता व्हावा. गणपतीची वर्गणी एका संध्याकाळीं गोळा करणाऱ्या पेठेनें दिवाळीपूर्वीं ही खोली पाहावी.