५१ तासांचे झाले ३

मुंबई-आग्रा महामार्गावरच्या चांदवडला कांद्याच्या हंगामात तासांचाही हिशेब ठेवावा लागतो. समजा, खळ्यावर एका मजूरबाईनं सहा दिवस रोज साडेआठ तास कांदा निवडला. बेरीज ५१ तास. एक्सेलच्या तास-मिनिटांच्या साध्या रकान्यात मात्र उमटतं ३:००! एक्सेलच्या लेखी अख्खा दिवस म्हणजे १ आणि तास म्हणजे त्याचा चोविसावा भाग. दोन दिवस गिळून ते घड्याळासारखे उरलेले तीनच तास दाखवतं, पोटात २.१२५ शाबूत असतं. रकान्याच्या फॉरमॅटमधल्या तासाच्या खुणेला चौकोनी कंस घातला, की ५१:०० परततात. पुढचा खोडा मजुरीचा: ताशी ६० रुपयांनी थेट गुणलं तर १२७ रुपये ५० पैसे, सोबत २४ नंही गुणलं, तर बाईच्या हक्काचे ३,०६० रुपये.